'रन'चे अर्थ

दुपारची घंटा व्हायच्या आधीच शाळेच्या फाटकाबाहेर आया डबे घेऊन उभ्या असायच्या. मुलांच्या परीक्षेसाठी या बायका गावाकडची घरं बंद करून शाळेमागच्या खोल्यांत भाड्यानं राहत होत्या. मुलं फुटपाथच्या कडेला बसून जेवायची, आणि तेवढा वेळही फुकट जाऊ नये म्हणून आया त्यांचा अभ्यास घ्यायच्या.

हुइफेनच्या हातात इंग्रजीच्या सरांनी दिलेला कागद होता. 'रन' या एवढ्याशा शब्दाच्या अर्थांनी त्याच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. मुलगी शूनिंग बालवाडीत गेली तेव्हा हुइफेन तिच्याबरोबर चिनी अक्षरं शिकली होती. इंग्रजी मात्र तिला मुंग्यांच्या रांगेसारखं दिसायचं. तिनं चिनी अर्थ वाचायचा, शूनिंगनं त्यावर इंग्रजी वाक्य म्हणायचं. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा शूनिंग आता तिसऱ्यांदा देणार होती.

"मेल्या इंग्रजांकडे शब्दांचा दुष्काळ आहे का गं?" शेजारची झेकाईची आई म्हणाली. "नाक गळतं तेही रन, निवडणुकीला उभं राहतात तेही रन! आणि ऐक, परीक्षेच्या दिवशी आपण आयांनी शुभ म्हणून घालायचा लाल झगा शिवून आला. पोटावर बटणच लागेना."

"मग झेकाईचा डबा त्यालाच खाऊ देत जा," हुइफेन म्हणाली. दोघी हसल्या.

"कपड्याचा रंग जाणे," हुइफेननं वाचलं. शूनिंगनं वाक्य म्हटलं.

"दुकान चालवणे." शूनिंगनं वाक्य म्हटलं, भाताचा घास घेतला.

पूर्वी ती डोळे मिटून आठवायची, चुकली की स्वतःच्या मांडीवर चापट मारायची. आता कुठेच अडत नव्हती. हुइफेनला बरं वाटायला हवं होतं. पण शब्द कळत नसले तरी हाच सूर तिनं मघाच्या वाक्यालाही ऐकला होता.

"नदी वाहणे."

पुन्हा तेच वाक्य.

हुइफेननं नजर कागदावरच ठेवली आणि त्यावर नसलेलं वाचलं, "आईनं आज भाजीत मिरची जास्त घातली."

शूनिंगनं तेच वाक्य म्हटलं, त्याच सुरात. "पुढचं?"

"बाळा, मी आत्ता काय वाचलं?"

"अर्थ वाचलास. बरोबर आलं ना?"

हुइफेननं कागदाची घडी घातली. सरांना सांगावं, तर ते मुलीला घरी पाठवतील आणि शाळेतली जागा जाईल. दूरच्या शहरात इमारतीच्या कामावर असलेल्या नवऱ्याला सांगावं, तर तो म्हणेल, तिला अंडी जास्त दे.

"आज दुपारी वर्गात जाऊ नकोस," ती हळूच म्हणाली. "खोलीवर चल. जरा झोप."

शूनिंग रागावली नाही. तिनं डब्याचं झाकण लावलं. "आणि उठल्यावर काय करू, आई?"

ती खरंच विचारत होती. शेत दुसऱ्याला कसायला दिलेलं, घराला कुलूप. मुलीला लहानपणापासून हुइफेननं एकच सांगितलं होतं, शीक. त्यापलीकडचं काही तिच्याजवळ नव्हतं.

घंटा झाली. "उरलेले संध्याकाळी घे," म्हणत शूनिंग आत गेली.

पहारेकऱ्यानं फाटक ओढून घेतलं. हुइफेननं गजांना धरून तिच्या नावानं हाक मारली. आत सारख्याच निळ्या गणवेशातल्या पाठी जिन्याकडे चालल्या होत्या. त्यांतली एकही वळली नाही.