अंगणातला व्हॉल्व्ह

“भाऊजी, ही फट कसली?”

वहिनी सकाळपासून खड्ड्याच्या काठाशी खुर्ची टाकून बसली होती. नवरा गेल्यापासून तिने अंगणात कुणाला फावडं लावू दिलं नव्हतं. आज तिचा दीरच कमरेएवढ्या खड्ड्यात उतरून व्हॉल्व्हभोवती विटा रचत होता.

“पाइपाभोवतीची ना? मुद्दाम ठेवलीय. भिंत पाइपावर टेकली की तिच्या भाराने पाइप मोडतो.”

“आणि तळाला नुसती खडी? सिमेंट संपलं वाटतं!”

“पाणी मुरायला नको का, वहिनी? नाहीतर व्हॉल्व्ह पोहायला लागेल.”

दीर गवंडी होता. त्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नसायची. म्हणूनच तिला जास्त धास्ती वाटत होती. फुकटचा उपकार तिने जन्मात पाहिला नव्हता.

त्याच्या शेजारच्या घरचा पाण्याचा पाइप तिच्या अंगणातून, तिच्या भिंतीच्या कडेने जात होता. भावाभावांत वाजलं की तिचा नवरा हा व्हॉल्व्ह पिळायचा आणि ओट्यावर बसून शेजारच्या कोरड्या नळाचं गुरगुरणं ऐकायचा. पुढे भांडणं थकली, व्हॉल्व्हवर माती चढली. तरी जाताना तो बजावून गेला, “त्याला अंगणात पाय रोवू देऊ नकोस.”

मग ज्या व्हॉल्व्हने याचंच पाणी तुटतं, तो हा का उकरून काढतोय? आज चार भिंती बांधेल, उद्या म्हणेल, बांधकाम माझं, जागाही माझी.

कुंपणापलीकडून जाऊ म्हणाली, “सासूबाईंनीसुद्धा कधी एवढा पहारा केला नव्हता हो!”

“तुझ्या नवऱ्याला ऊन लागू नये म्हणून सावली धरलीय,” वहिनीने तिथल्या तिथे परतवलं.

संध्याकाळी भिंत जमिनीच्या चार बोटं वर आली.

“एवढी वर? मी अडखळून पडावं म्हणून?”

“सपाट ठेवली तर पुन्हा मातीखाली जाईल.” त्याने लोखंडी झाकण बसवलं आणि लांब दांड्याची चावी तिच्यापुढे धरली. “ही उभ्यानेच फिरते. वाकायला नको. चार दिवस भिंतीवर पाणी तेवढं मारा.”

“दुसरी चावी कुठाय?”

“एकच केलीय. पाइप जुना झालाय, वहिनी. फुटला तर आधी तुमची भिंत खचेल. मी घरी असेन-नसेन. तुम्हाला बंद करता आला पाहिजे.”

“आणि मी उगाच बंद केला तर?”

तो हसला. “करा की. दादाने कमी वेळा केला होता का?”

तिने चावी घेतली. रात्री ती उशाशी घेऊन झोपली.

सकाळी शेजारी बादली भरायला लागल्याचा आवाज आला. वहिनीने झाकण उचललं, दांडा खाली सोडला आणि फिरवला. पलीकडची धार बारीक झाली, तुटली. ती कान देऊन उभी राहिली. आता शिव्या येतील. आता तो दुसरी चावी काढेल.

“अहो, पाणी गेलं!” जाऊ ओरडली. “बघा, सांगत होते ना मी!”

“थांब जरा,” दिराचा आवाज आला. “वहिनी बघत असतील, नीट बंद होतोय का.”

वहिनी थोडा वेळ दांडा धरून राहिली. मग तिने तो उलटा फिरवला, पार शेवटपर्यंत. पलीकडे बादलीत धार पडू लागली.

तिने झाकण लावलं, तांब्या भरून आणला आणि ओट्याकडे पाठ करून नव्या भिंतीवर सावकाश पाणी मारू लागली.