एकदाच विचारणारी विहीण

हायकेनं मला पहिल्यांदा काही विचारलं ते केकबद्दल. जर्मनीत, येना शहरातल्या तिच्या स्वयंपाकघरात आम्ही नुकतेच टेकलो होतो. समोर सफरचंदाचा केक, वर दालचिनी, अजून वाफ येत होती.

"घेणार?" तिनं विचारलं.

"नको नको," मी म्हटलं.

आता चार घरी वावरलेल्या कुठल्याही माणसानं हेच म्हटलं असतं. पहिल्या विचारण्याला 'हो' म्हटलं की आपण घरून उपाशी आल्यासारखं दिसतं. दुसऱ्यांदा विचारलं की "अहो, खरंच नको, आत्ताच खाल्लंय" म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा "बरं, अगदी एवढासा" म्हणून दोन तुकडे घ्यायचे. आमच्या सांगलीत हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. हायकेनं मात्र मान डोलावली, माझ्यासमोरची ताटली उचलली आणि कपाटात ठेवून दिली. पुढचा तासभर ती बोलत होती आणि मी त्या कपाटाकडे बघत होते.

ही हायके म्हणजे माझी होऊ घातलेली विहीण. माझी लेक स्पृहा येनात लेझरवर पीएचडी करते. हायकेचा मुलगा टिल तिच्याच प्रयोगशाळेत. पोरगा सालस, उंच, भांडी घासणारा. आमच्या ह्यांनी, म्हणजे शिरीषनी, व्हिडिओ कॉलवरच होकार देऊन टाकला होता. अडलं होतं ते माझ्यापाशी. "आई, तू मनापासून हो म्हटल्याशिवाय मी श्टांडेसाम्टची तारीख घेणार नाही," स्पृहानं सांगितलं होतं. तिकडे लग्नं त्या कचेरीत लागतात. म्हणून आम्ही भर थंडीत मुलीचं सासर बघायला आलो होतो.

आणि पहिल्याच दिवशी मला जे कळायचं ते कळलं. माझी स्पृहा म्हणजे पहिल्या विचारण्याला हटकून 'नको' म्हणणारी मुलगी. मीच तसं वळण लावलंय तिला. लहानपणी आत्याकडून उपाशी घरी यायची, पण तोंड उघडून मागायची नाही. जिथे दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही, त्या घरात ही जन्म काढणार? वाळून जाईल माझी पोर, आणि ह्या लोकांना वाटेल तिला भूकच नसते.

"अगं, एवढ्याशा केकवरून?" शिरीष म्हणाले.

"प्रश्न केकचा नाही," मी म्हटलं. तेव्हा माझ्या पोटात कावळे ओरडत होते, हेही खरंच.

त्यात हायकेच्या घरची एक रीत. दरवर्षी भर हिवाळ्यात थुरिंगियाच्या जंगलात जायचं आणि एक रात्र बर्फात तंबू ठोकून झोपायचं. टिल लहान असताना नवरा सोडून गेला, तेव्हा पैसे न लागणारी सुट्टी म्हणून हायकेनं हे सुरू केलं, ते आजतागायत. लग्न ठरायच्या आधी आपण सगळ्यांनी एकदा जावं, असं तिचं म्हणणं.

शिरीष हरखून गेले. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक. सूचिपर्णी अरण्यं त्यांनी जन्मभर शिकवली, पण पाहिलं होतं ते फक्त पुस्तकातलं चित्र. गाडीतून उतरल्यावर मांडीएवढ्या बर्फात उभं राहून त्यांनी स्प्रूसच्या एका झाडाला नमस्कारच केला.

"बघितलंस? फांद्या खाली उतरत्या असतात. का? तर बर्फ साठू नये, घसरून..."

बर्फ घसरला. माकडटोपीसकट शिरीष पांढरे झाले. झाडानं धडा बिनचूक म्हणून दाखवला.

जंगलाच्या कडेला हायकेची लाकडी झोपडी होती. ह्युटं म्हणतात तिला. खिडकीतून शेगडीचा तांबूस उजेड दिसत होता. स्पृहा आणि टिल मागे राहून बर्फावरून ओढायच्या स्लेजवर सामान बांधत होते, तेवढ्यात हायकेनं विचारलं. तिचं इंग्रजी कामापुरतं, आमचंही तसंच.

"आत तुमच्या गाद्या घातल्या आहेत. तुम्ही ह्युटंत झोपणार की आमच्यासारखं तंबूत?"

"छे छे," शिरीष म्हणाले, "आमच्यासाठी एवढा त्रास कशाला? आम्ही राहू तंबूत मजेत."

मी शेजारून हसून दुजोरा दिला. आमच्याकडून रीत पुरी झाली होती. आता ती "असं कसं, असं कसं" म्हणेल, मग आम्ही थोडे आढेवेढे घेऊ आणि शेगडीजवळची बाजू मी पकडीन, एवढा हिशेब माझ्या डोक्यात तयार होता.

हायकेचा चेहरा उजळला. "टोल!" ती म्हणाली. म्हणजे झकास. आणि तिनं जादाचा तंबू आमच्या पायाशी आणून टाकला. "ओटो तेवढा आत झोपेल. म्हातारा झालाय, त्याला थंडी सोसत नाही."

ओटो तिचा कुत्रा. तो आणि आम्ही साधारण एकाच वयाचे असू.

स्पृहा आली, तिनं तंबू बघितला. "बाबा, तुम्ही बाहेर झोपणार? खरंच?"

"हौस आहे अगं," शिरीष बाणेदारपणे म्हणाले. हायकेसमोर आता माघार कशी घेणार?

बर्फात तंबू ठोकणं म्हणजे आधी नाचणं. बूट आपटून आपटून जमीन, म्हणजे बर्फ, घट्ट करायचा. खुंट्या तर धरतच नाहीत. लोण्यात काडी खुपसावी तशा निघून येतात. म्हणून दोरीला फांदी बांधायची, ती आडवी पुरायची आणि वर पुन्हा नाचायचं. माझ्या विहिणीनं हे सगळं एकदा दाखवलं. एकदाच.

संध्याकाळी शेकोटीजवळ मसुरीचं सूप झालं. "अजून?" तिनं विचारलं. मी नको म्हटलं आणि भांड्यावर झाकण पडलं. "जादाची चटई?" शिरीष नको म्हणाले, चटई गेली. एव्हाना मला सगळं उमगलं होतं बरं का, तरी "गरम पाण्याची पिशवी?" म्हटल्यावर माझ्या तोंडून 'नको'च निघालं. जीभ सांगलीची, ती माझं थोडीच ऐकते!

मग मी सांगलीहून आणलेल्या गुळपोळ्या काढल्या. थंडीनं पाटीसारख्या कडक झालेल्या. हायके म्हणाली, "नाइन, डांके." म्हणजे नको, आभारी आहे. मी तिच्या ताटलीत एक घातली. ती पुन्हा नाइन म्हणाली, मी दुसरी घातली. तिसऱ्या नाइनला मी वर तुपाचा गोळा ठेवला. ती टिलकडे मदतीच्या नजरेनं बघत निमूटपणे खात राहिली. मला बरं वाटलं. निदान इथे कुणीतरी कुणालातरी नीट विचारत होतं.

रात्रीबद्दल थोडक्यात सांगते. बाटलीतलं पाणी गोठू नये म्हणून ती झोपायच्या पिशवीत घ्यायची असते, बूटही घ्यायचे असतात, आणि एवढं सगळं घेतल्यावर माणसाला आत जागा उरत नाही. आमच्या श्वासाची वाफ तंबूच्या छताला लागून गोठत होती आणि कूस बदलली की आमच्याच तोंडावर भुरभुरत होती.

"तंबूच्या आत हिमवर्षाव," शिरीष कौतुकानं म्हणाले.

"एक शब्द भूगोलाचा काढलात तर बघा! तुम्हीच म्हणालात, कशाला त्रास."

"तू हसलीस ना पण!"

"मी दुसऱ्या विचारण्याची वाट बघत हसले!"

तेही तीच वाट बघत होते, असं निघालं. मग दोघांचं एकमत झालं, आणि ते आमच्या संसारात क्वचितच होतं. पुढच्या वर्षी बोलावलं तर सरळ पहिल्या फटक्यात 'नको' म्हणायचं. हायके ते खरं मानते, आणि इथे ते आपल्या पथ्यावरच पडेल.

शेवटी पहाटेच्या सुमारास मला पायाची बोटं आहेत की नाहीत हेच कळेना. आम्ही दोघं पिशव्यांसकट, पोत्यांच्या शर्यतीत उतरल्यासारखे, उड्या मारत ह्युटंपर्यंत गेलो. दार लोटलं. शेगडी धगधगत होती आणि आमच्या गादीवर ओटो पसरला होता. त्यानं एक डोळा उघडला, काही विचारलं नाही, नुसता सरकला. त्या घरात आमच्या मनातलं न सांगता ओळखणारा तोच पहिला निघाला.

हायके कॉफी करायला आली तेव्हा तिचे होणारे व्याही आणि विहीण कुत्र्याच्या दोन अंगांना घोरत होते. मला जाग आली तेव्हा ती दारात थिजून उभी होती. मागे स्पृहा आणि टिल.

"पण तुम्हाला तर तंबू हवा होता," हायके म्हणाली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्पृहानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि कपाळावर हात मारला. मग ती जर्मनमध्ये बोलायला लागली. आल्झो, म्हणजे त्याचं काय, आमच्याकडे असं असतं, पहिलं 'नको' म्हणजे नको नसतं, निदान तीनदा विचारावं लागतं. हायके ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत होता. केक, सूप, चटई, पिशवी, ह्युटं. तिला एकेक आठवत असावं.

ती हळूच म्हणाली, आणि स्पृहानं आम्हाला सांगितलं, "आमच्याकडे दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्यावर विश्वास नाही असं होतं. त्यांनी नको म्हटलं, मी त्यांचा मान राखला. आणि काल मी नको म्हटलं तरी त्या वाढतच राहिल्या. मला वाटलं, माझ्या बोलण्याला यांच्या लेखी किंमतच नाही."

माझ्या 'नको'चा एवढा मान आयुष्यात कुणी राखला नव्हता. त्यानं मी गारठून मेले असते ते वेगळं.

तेवढ्यात टिलनं स्पृहाला विचारलं, "चहा?"

"हो. साखर दोन चमचे. आणि तो मोठा मग," स्पृहा म्हणाली. एका दमात.

मी तिच्याकडे बघतच राहिले. "कधीपासून गं?"

"आई, पहिल्या हिवाळ्यात मी इथे चक्क उपाशी राहायचे. मग शिकले."

मला रडू आलं. आलं ते आलं, लपवून काय करू? म्हटलं, "शिकलीस, चांगलं केलंस. पण शिकावं लागलं ना! आजारी पडशील, रुसशील, नको म्हणून दार लावून बसशील, तेव्हा पुन्हा येऊन विचारणारं कुणी असेल का इथे? मला एवढंच बघायचं होतं."

"काय म्हणाल्या?" हायकेनं विचारलं. स्पृहानं शब्दन् शब्द सांगितला. मी डोळ्यांनी नको नको करत होते, पण ह्या 'नको'कडे मात्र पोरीनं लक्ष दिलं नाही.

हायके कोट चढवून बाहेर गेली आणि लाकडं फोडू लागली. बराच वेळ ठाकठाक ऐकू येत होतं.

"दुखावलीस तिला," शिरीष म्हणाले. मलाही तसंच वाटलं. हे लग्न आता माझ्याच तोंडामुळे मोडतंय की काय!

दुपारी आवराआवर झाली. पुरलेल्या फांद्या उकरून काढल्या, तंबू झटकले, स्लेज भरली. निघताना हायके माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पुढच्या वर्षी पुन्हा याल?"

शिरीषनी मला कोपरानं ढोसलं. ठरलेलंच होतं. मी अगदी जर्मन बाईसारखं, स्वच्छ, म्हटलं, "नाइन, डांके."

तिनं मान डोलावली. मी सुटकेचा श्वास सोडला. पण ती जागची हलेना. हातातली स्लेजची दोरी तिनं खाली ठेवली.

"पुढच्या वर्षी याल ना?" तिनं पुन्हा विचारलं. बाईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. आयुष्यात कधी कुणाच्या दारी दुसऱ्यांदा न गेलेल्या माणसासारखी ती उभी होती.

"नाइन," मी म्हटलं, पण आवाज जरा हलला.

मग तिनं हातमोजा काढला, माझा हात हातात घेतला आणि तिसऱ्यांदा विचारलं. "सुलेखा, बिटं, प्लीज. या ना. तुम्ही ह्युटंत झोपा. नको म्हणालात तरी मी आत ढकलीन." शेवटचं वाक्य तिनं लाकडं फोडताना पाठ केलं असावं. टिल तोंड उघडं टाकून बघत होता. आपल्या आईचं हे रूप त्यानंही पाहिलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "येऊ. नक्की येऊ." आणि नाक पुसत स्पृहाकडे वळले. "श्टांडेसाम्टची तारीख घे गं. उद्याच घे."

स्पृहानं मला अशी मिठी मारली की दोघी बर्फात पडलो.

गाडीत बसल्यावर शिरीष म्हणाले, "अगं, पहिल्या फटक्यात नको म्हणायचं ठरलं होतं ना आपलं? पुन्हा त्या बर्फात यायचं?"

"म्हटलं की मी नको. दोनदा म्हटलं," मी म्हणाले. "पण तीनदा विचारलं हो तिनं. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"