साच्यात अडकलेलं विमान

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. औसा रस्त्याला वहिदाचं फायबरचं छोटं वर्कशॉप होतं. नवरा गेल्यापासून कूलरच्या बॉड्या, गाड्यांचे बंपर ती एकटीच करायची. फेब्रुवारीत नांदेडच्या कॉलेजात शिकवणाऱ्या तारामती मॅडम विमानाचा नकाशा घेऊन तिच्याकडं आल्या. रिमोटवर उडणारं, पण बारा फुटी पंखांचं विमान. पोटात कॅमेरा ठेवून आटलेल्या तलावांतला गाळ वरून मोजायचा होता.

विमानाच्या धडाचे दोन साचे घासूनपुसून आरशासारखे करण्यात वहिदाचा दीड महिना गेला. मग काचेचं कापड रेझिन या चिकट रसात भिजवून तिनं त्यांत थापलं. वाळल्यावर डावा भाग साच्यातून अलगद सुटला. उजवा सुटेना. आणि नांदेडची चाचणी दोन दिवसांवर आली होती.

लाकडी पाचरी ठोकून ठोकून तिचे हात भरून आले. तारामती मॅडम साच्यावर वाकल्या.

"उन्हानं झालं का हे?"

हो म्हटलं असतं तर खपलं असतं. बाहेर बेचाळीस डिग्री होतं. वहिदानं पाचर खाली ठेवली.

"न्हाई मॅडम. माझीच चूक हाय. भाग चिकटू नये म्हणून साच्याला निळं द्रावण लावतेत, ते वाळल्याबिगर कापड टाकायचं नसतं. मी रेझिन आधीच कालवून बसले. ते डब्यात तापून घट्ट व्हायला लागलं. वाया जाईल म्हणून घाई केली. शेपटीकडं थर ओलाच होता."

मॅडमनी शेपटीकडची फट बोटानं चाचपली.

"निळा थर पाण्यानं विरघळतो," वहिदा हळूच म्हणाली.

दोघींनी कोपऱ्यातल्या घागरीकडं पाहिलं. टँकर यायला अजून चार दिवस होते. वहिदाची सासू सालेहाबी दारात सुपारी कातरत बसली होती. तिनं उठून तांब्या भरला अन् सुनेपुढं ठेवला. "एवढाच," म्हणाली.

वहिदानं इंजेक्शनची सिरिंज आणली. फटीत थेंब थेंब पाणी सोडायचं, थांबायचं, पाचर केसभर आत सारायची. तांब्या अर्धा झाला तेव्हा नाकाकडून टक् असा आवाज आला. मग मधला भाग उचलला. शेपूट मात्र तसूभर हलेना. आणखी जोर लावला असता, तर धड मधोमध चिरलं असतं.

वहिदानं कटर हातात घेतलं.

"थांबा ताई," तारामती मॅडमनी तिचं मनगट धरलं. "साचा कापू नका. दीड महिन्याची मेहनत हाय तुमची. मी चाचणी पुढं ढकलते."

"मोजणी पावसाआधी व्हायला पाहिजे म्हणल्या होत्या न्हाई तुम्ही? तळ्यात पाणी आल्यावर गाळ कसा दिसंल?"

मॅडमचा हात सैल झाला.

कटर सुरू झालं. पांढरी भुकटी उडाली. साच्याच्या शेपटीचा तुकडा कापताना पातं आतल्या धडाला लागू नये म्हणून वहिदा श्वास धरून होती. तुकडा निघाला. धड सुटलं. शेपटीला तळहाताएवढी जागा खरवडली होती. तिथं तिनं नवं कापड चढवलं, आणि यावेळी प्रत्येक थराला हवा तेवढा वेळ दिला. मगच धडाचे दोन्ही भाग जोडले.

चाचणीच्या दिवशी नांदेडबाहेरच्या माळावर विमान धावलं, हेलकावलं आणि उठलं. सगळे पंखांकडं बघत होते. वहिदाची नजर शेपटीवरून हटली नाही. अकरा मिनिटांनी ते उतरलं, तेव्हा ती सगळ्यांच्या आधी तिथं पोचली आणि ठिगळावरून अंगठा फिरवला. कुठं चीर नव्हती.

तारामती मॅडम धापा टाकत आल्या. "काय झालं?"

"काही न्हाई," वहिदा म्हणाली आणि तिथंच मातीत बसली.