देवमाशाचं मेण

गोमटेशच्या सुटकेचे पेढे पद्मराजनं वाटले. पद्मराज म्हणजे निपाणीच्या तंबाखू बाजारातला त्याचा शेजारचा वखारवाला आणि शाळेपासूनचा दोस्त. हातात पुडा, तोंडभर हसू, आणि दारातूनच आरोळी: "मेण निघालं रं गोमटअण्णा, मेण! तपासणीचा कागद आला. देवमाशाचं कायबी न्हाय त्यात. मेणबत्तीचं मेण, त्यात काळं कायतरी कालवलेलं अन् वरनं अत्तर चोपडलेलं. वकील म्हणतोय, मेण बाळगणं कधीपास्नं गुन्हा झाला?"

हमाल हसले, दिवाणजी हसले. पद्मराजनं एक पेढा गोमटेशच्या तोंडात कोंबला. गोमटेशही हसला, चारचौघांत हसावंच लागतं. पण पेढा त्यानं गालातच धरून ठेवला. शेवटी पाण्याचा तांब्या तोंडाला लावून त्यानं तो कसाबसा ढकलला.

आता झालं होतं काय ते नीट सांगायला पाहिजे, कारण बाजारानं त्याचं वाट्टेल ते करून ठेवलंय.

गोमटेश मूळचा बोरगावचा. घर जैन शेतकऱ्याचं, धंदा तंबाखूचा. नाकाचा माणूस म्हणून बाजारात त्याला मान. पान चुरगाळून एकदा हुंगलं की रान कुठलं, पाऊस किती लागला, माल कुठं दडपून ठेवला होता, सगळं सांगायचा. घरात नेम कडक. पाणी फडक्यानं गाळल्याशिवाय कुणी घोटभर पीत नसे. कांदा-बटाटा उंबऱ्याच्या बाहेर. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर हा गडी पाय उचलून लांब ढांग टाकणार. असा माणूस!

आणि या असल्या माणसाची लेक, दिव्या, कारवारला समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करायला गेली. तेव्हा घरात केवढा तमाशा झाला होता! "जैनाची पोर मासं चिरत बसणार व्हय?" असं म्हणून गोमटेश जेवणावरनं उठला होता. "चिरत न्हाय आप्पा, वाचवतोय आम्ही," असं ती म्हणाली, पण ऐकतोय कोण? पोरगी हट्टी, गेलीच. तेव्हापासून फोन यायचा तो आईला. बापाचे प्रश्न ठरलेले. जेवलीस काय? पाणी गाळून पितीस न्हवं? झालं, की फोन बायकोच्या, त्रिशलाच्या हातात.

मग एक दिवस परशराम आला. परशरामचा टेम्पो कणकुंबीच्या रस्त्यानं भाजी घेऊन गोव्याला जायचा. त्यानं वखारीचं दार लोटून घेतलं आणि टॉवेलात गुंडाळलेला एक करडा गोळा पुढ्यात ठेवला.

"अण्णा, देवमाशाची उलटी. समुद्रावर घावली. अत्तरवाले सोन्यागत घेत्यात. गिऱ्हाईक हाय माझ्याकडं. फकस्त खरं हाय का खोटं, तेवढं सांगा. तुमच्या नाकाला न्हाय कळलं तर कुणाला कळणार?"

गोमटेशनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्या नाकानं उत्तर दिलं नाही. समुद्राचा वास त्या नाकाला ठाऊकच कुठं होता?

भूक नव्हती, कर्ज नव्हतं, पोरीच्या लग्नाचा घोर नव्हता. हाव होती, बस्स. ती काय सांगून येते? त्यानं वखारीच्या मागं जाऊन दिव्याला फोन लावला.

"दिव्या, त्यो देवमासा आस्तोय बघ... त्येच्या पोटात म्हणं कायतरी घावतंय?"

मग जी पोरगी सुटली! ती उलटी नव्हे आप्पा, म्हणाली. दातवाल्या मोठ्या देवमाशाच्या आतड्यात तयार होतं. तो खोल जाऊन माकुल नावाचे मऊ, लांब पायांचे जीव खातो, त्या माकुलांच्या चोची पचत नाहीत, त्यांच्याभोवती ते साचत जातं. वर्षानुवर्षं पाण्यावर तरंगतं, मग त्याला वास येतो. खरं की खोटं हे कसं ओळखायचं, तेही विचारलं त्यानं. तापवलेली सुई टोचायची, तिनं सांगितलं, काळा चिकट द्रव आला तर खरं असू शकतं, पण खात्री तपासणीतच होते.

इथं त्यानं फोन ठेवायला पाहिजे होता. पण पोरगी थांबेना. किनाऱ्याला लागलेल्या पिल्लाचं सांगायला लागली. शेपटीभोवती जाळं इतकं आवळलेलं की मांसात रुतलेलं. ते कापून काढेपर्यंत पिल्लू गेलं होतं. जहाजांच्या पंख्यांची पाती लागून पाठी फाटलेले मासे येतात. पाणी तापत चाललंय, खाणं दुसरीकडं सरकतंय, त्याच्या मागं हे बिचारे नको तिथं येतात आणि मरतात. "आन् त्यात ही हाव, आप्पा. वाहून यायची वाट बघायला लोकांस्नी दम कुठाय? एकदा भाव फुटला की जित्या माशाच्या मागं लागत्यात. म्हणून तर ते ठेवणंबी गुन्हा आन् विकणंबी गुन्हा."

"अरारा," गोमटेश म्हणाला.

फोन ठेवताना तिचा आवाज जरा ओला झाला. "आप्पा, आज पैल्यांदा तुम्ही माझ्या कामाचं विचारलंसा."

"बापानं इचारू न्हाय व्हय गं?" असं म्हणून त्यानं फोन खिशात टाकला आणि सुई तापवायला घेतली.

सुई आत गेली, काळं चिकट काहीतरी बाहेर आलं. खरं, म्हणून त्यानं परशरामला मान हलवून दाखवली आणि गोळा पोत्यांच्या थप्पीमागं ठेवून घेतला. विकला की निम्मा वाटा त्याचा. मनाची समजूत त्यानं केव्हाच घातली होती: मासा तर आपण मारला न्हाय. पडलेलंच उचललंय कुणीतरी. जीव कुठं घेतलाय आपण?

परशरामचं गिऱ्हाईक आलं, ते वनखात्याचं निघालं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. टेबलावर गोळा, मागं वर्दीतली माणसं, आणि मधोमध मान खाली घातलेला गोमटेश. बाजारात नाकानं जगलेल्या माणसाचं नाक असं कापलं गेलं. जामीन झाला, पण महिनाभर तो वखारीच्या पुढच्या दारानं आत गेला नाही.

फोटो आला त्याच दिवशी दिव्याचा फोन. रडत होती. "आप्पा, तुम्हाला म्हाईतच नसणार. परशरामनं सामान म्हणून ठेवायला दिलं आसंल, तुम्ही भोळेपणानं ठेवलासा. व्हय न्हवं?"

"व्हय," एवढंच गोमटेशच्या तोंडून निघालं.

त्या एका 'व्हय'वर पोरगी भांडायला उभी राहिली. कारवारात तिच्याबरोबरची माणसं कुजबुजायला लागली होती, ही इथं देवमासे वाचवते आणि हिचा बाप तिकडं विकतो. तिनं एकेकाला गाठून सांगितलं. आपल्या सरांपुढं जाऊन सांगितलं, "आमचे आप्पा पाणीसुद्धा गाळून पितात, सर." सरांनी विश्वास ठेवला. तिचं काम तिच्याकडंच राहू दिलं. हे सगळं त्रिशला नवऱ्याला कौतुकानं सांगायची, आणि तो ताटावरनं लवकर उठायचा.

मग मेण निघालं. आता काय, बाजाराला ऊत आला. कुणी त्याला मेणाप्पा म्हणायला लागलं, कुणी वाढदिवसाला मेणबत्ती द्यायची म्हणालं. पद्मराजचं तर वेगळंच चाललं होतं. "परशरामवर उलट फिर्याद ठोक. खोटा माल दिला की तुला!"

"आन् काय लिहू फिर्यादीत? मला खरा पायजे हुता म्हणून?"

पद्मराज पोट धरून हसला. त्याला वाटलं, गोमटअण्णाची मस्करी परत आली.

पर्युषणाचं पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. दिव्या आदल्या दिवशीच कारवारहून आली होती. सकाळी सगळे बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जमले. वर्षभराच्या कळत-नकळत चुकांची एकमेकांना हात जोडून क्षमा मागायची, 'उत्तम क्षमा' म्हणायचं, हा त्या दिवसाचा रिवाज. रुसलेले भाऊ त्या दिवशी बोलतात, भाऊबंदकीतली माणसंसुद्धा हात जोडतात. लोक एकामागून एक गोमटेशपुढं यायला लागले. "अण्णा, पेपर बघून तुमच्याबद्दल वंगाळ बोललो. क्षमा करा." एक म्हातारा तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "तुमच्यावर उगंच संशय घेतला."

गोमटेश प्रत्येकाला हात जोडत होता आणि त्याला आतून मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. ज्यांचा संशय अगदी बरोबर होता, तीच माणसं त्याची क्षमा मागत होती!

मग बस्तीचे पुजारी, उपाध्ये, प्रवचनाला बसले. बाकीच्यांना दरवर्षीचंच वाटलं असेल. "हातून घडली ती एक हिंसा. मनानं ठरवून केली ती संकल्पाची. हात चुकला, नेम चुकला, समोरची वस्तू खोटी निघाली, म्हणून संकल्प खोटा ठरत न्हाय. कर्म तिथंच बांधलं जातं." मंडळी माना डोलवत होती. एकाचंही डोकं गोमटेशकडं वळलं नाही. वळलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

शेवटी सगळ्यांनी मिळून जगातल्या सर्व जीवांची क्षमा मागितली. लहानपणापासून हे म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढं मुंग्या यायच्या, डास यायचे. आज त्याला पिल्लाच्या शेपटीत रुतलेलं जाळं दिसलं. ते त्यानं पाहिलेलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. त्याला बस्तीत बसवेना. तो तडक घरी आला.

मागोमाग त्रिशला आणि दिव्या आल्या. दिव्या त्याच्यासमोर उभी राहिली, हात जोडले. "आप्पा, तुमचं मन मोडून कारवारला गेले. लई वर्षं राग धरला तुम्हांवर. उत्तम क्षमा."

आता मात्र त्याला राहवलं नाही. त्यानंही हात जोडले.

"मला म्हाईत हुतं, दिव्या."

"काय म्हाईत हुतं?"

"त्ये मेण निघालं ह्ये माझं नशीब. मी देवमाशाचं म्हणूनच ठेवलं. गुन्हा हाय, जीव जात्यात, सगळं म्हाईत हुतं. तूच तर सांगितलं हुतंस. सुईचंबी."

"अहो, मेणच हुतं की!" त्रिशला मधे पडली. "मिटलंय ते कशाला उकरून काढताय आजच्या दिवशी?"

दिव्यानं आईकडं पाहिलंसुद्धा नाही. "फोन ठेवल्यावर लगेच टोचली सुई?"

"लगेच."

ती खाली बसली. आता ही रडेल, बोलेल, तोंडावर दार आपटून निघून जाईल, असं गोमटेशला वाटलं. शिव्या घातल्या असत्या तरी त्यानं झेलल्या असत्या. पण तिनं त्याच्यासमोरच फोन काढला आणि सरांना लावला. सर कानडी. ती कानडीत बोलायला लागली.

"सर, नम्म तंदे बग्गे नानु हेळिद्दु तप्पु. अवरिगे गोत्तित्तु."

वडिलांबद्दल मी सांगितलं ते चुकीचं होतं, त्यांना माहीत होतं. गोमटेशला शब्दन्‌शब्द कळला. चिकोडीच्या बाजारात अर्धा धंदा तो कानडीतच करायचा. कानडी आली नसती तर किती बरं झालं असतं!

पलीकडून सरांनी काहीतरी विचारलं. गोमटेश अजून तसाच हात जोडून उभा होता. 'उत्तम क्षमा' हे दोन शब्द त्याच्या ओठांवर होते, पण तिनं वर बघितल्याशिवाय ते म्हणायचे कसे? तिनं वर बघितलं नाही. जमिनीकडं बघत, अपराध्यासारखी, ती हळूच म्हणाली, "हौदु सर. नाने हेळिद्दे."

व्हय सर, ते सगळं मीच त्यांना सांगितलं होतं.