थोर लेखकाच्या नावाचं वसतिगृह

मुलींच्या वसतिगृहाला त्या थोर बंगाली लेखकाचं नाव द्यायचं की नाही, यावर आमच्या समितीत दुपारपासून काथ्याकूट चालला होता. समितीत अध्यक्ष, प्राध्यापक, सचिव, रेक्टर म्हणून मी आणि मुलींची एक प्रतिनिधी. तिचा आवाज असा, की सगळ्या तिला भोंगा म्हणतात.

या भोंग्याला रेडिओवर रात्रीच्या बातम्या वाचायचं काम मिळालं होतं आणि उद्या होकार कळवायचा होता. पण आमचं फाटक संध्याकाळी सातला बंद. म्हणून तिनं हट्टानं बैठकीत दुसरा विषय घालून घेतला होता, फाटक उशिरापर्यंत उघडं ठेवण्याचा. पहिला संपेल तेव्हा दुसरा येणार ना!

अध्यक्ष त्या लेखकाचे परमभक्त. "ऋषी होता हो, ऋषी! बाईला घराचा उंबरा ओलांडायला शिकवलं त्यानं."

"कपाळ शिकवलं!" प्राध्यापक उसळले. "त्याची नायिका उंबरा ओलांडते आणि पुढच्याच प्रकरणात तापानं मरते. प्रत्येक कादंबरीत तोच ताप! स्वतःच्या मुलींना शाळेचं तोंड दाखवलं नाही आणि म्हणे स्त्रियांचा कैवारी!"

"त्या काळाच्या मानानं बघा जरा."

"त्याच काळात त्याची सख्खी बहीण या गोष्टीवरून त्याच्याशी भांडत होती. तिला बरं कळत होतं!"

मला प्राध्यापकांचं फार कौतुक वाटलं. भोंग्यानं टेबलाखालून माझा हात दाबला. हे मत नक्की आपलं, असं तिला वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू! सचिव मात्र दोघांच्याही बोलण्यावर मान डोलवत बिस्किटांची बशी साफ करत होते.

सात वाजत आले तसे अध्यक्ष माझ्याकडे वळले. "बाई, तुमची फाटकाची वेळ झाली. हिलाही घेऊन जा. तो दुसरा विषय आम्ही बघतो."

म्हणजे एकीनं कोंडून घ्यायला जायचं, दुसरीनं कोंडायला, आणि फाटकाचं ठरवायचं या तिघांनी! माझं टाळकंच सटकलं. पर्समधून किल्ली काढून टेबलावर आपटली.

"आधी फाटकावर मतं घ्या. आमच्यासमोर."

भोंग्यानं आणि मी हात वर केले. प्राध्यापकांचा हात खालीच. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"त्याचं कसं आहे बाई," ते चष्मा पुसत म्हणाले, "वैचारिक भूमिका वेगळी आणि शिस्त वेगळी. पालक काय म्हणतील?"

"अगदी माझ्या मनातलं बोललात!" अध्यक्ष म्हणाले. दुपारपासून एकमेकांच्या उरावर बसलेले हे दोघे, आता गळ्यात गळे घालायचेच बाकी होते. सचिवांनी मान डोलवली. ठराव नामंजूर.

त्याच झटक्यात लेखकाचं नावही मंजूर झालं. प्राध्यापकांनी एवढंच सुचवलं, की पाटीवर 'थोर' लिहा, 'कैवारी' नको. केवढा हा बाणेदारपणा! भोंग्याचा चेहरा एवढासा झाला होता. मला इतकी चीड आली की डोळ्यांत पाणीच आलं.

"झालं तर मग," अध्यक्ष उठले. "जा बाई, कुलूप लावून टाका."

"मी नाही लावणार. आजही नाही आणि उद्याही नाही. हवं तर काढून टाका मला."

"अहो, असं कसं? मग आम्ही दुसरी कोणी बघू."

"बघा ना. ती मिळेपर्यंत रोज सातला तुमच्यापैकी कोण येतंय?"

अध्यक्षांचं संध्याकाळचं फिरणं असतं. प्राध्यापकांचे गुडघे लगेच दुखायला लागले. सचिवांची मान पहिल्यांदाच हलेना. तिघांपैकी एकाचाही हात त्या किल्लीकडे जाईना.

शेवटी भोंग्यानं ती उचलली.

"मी लावत जाईन, सर," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "रोज. बातम्या वाचून आले की."