हिरव्या खुणेच्या खाली

मी एका ॲपवरचं उत्तर बोलतोय. उणे सव्वीस मतांचं. मोबाईलवर मी सहसा दिसत नाही. ‘कमी पसंतीचं उत्तर, पाहायचं असल्यास दाबा’ अशी राखाडी ओळ असते ना, तिच्या आत मी राहतो. माझ्या डोक्यावर एकशे बारा मतं आणि हिरवी खूण मिरवत दुसरं एक उत्तर बसलंय. त्याच्यावर मी जळतो. खोटं कशाला बोलू? रोज जळतो.

आमचा दोघांचा प्रश्न एकच. झाई गावची भाविनी बोंबील सुकवते. जबड्यात जबडा अडकवून जोडी करायची आणि वलांडीवर, म्हणजे बांबूच्या उंच मांडणीवर, दोरीला टांगायची, हे तिला कोणी शिकवायला नको. पण त्या आठवड्यात आभाळ आलं, माल सुकेना, माश्या बसून अळ्या पडायला लागल्या. शुक्रवारी तिने किनारपट्टीच्या प्रश्नोत्तरांच्या ॲपवर विचारलं, “अळ्या पडू नयेत म्हणून काय करू? माल कासाच्या बाजारात जायचाय. घरी पण तोच खातो. माझी पोरगी तर येता-जाता वलांडीवरचा ओढून चघळते. लवकर सांगा.”

चार मिनिटांत नारूकाकांचं उत्तर आलं. “चिकूच्या झाडावर मारतात ते औषध पाण्यात टाकून मारा. माशी फिरकणार नाही.” पुढे जोडलेले हात. संपलं. हाच तो माझ्या डोक्यावरचा.

मग मी जन्मलो. चिखल्याच्या विपुलने मला दीड तास लिहिलं. त्याने डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलाय, म्हणून गावातली म्हातारी मंडळी त्याला अर्धवट म्हणतात. आईच्या वलांडीपाशी उभा राहून, जाळी बांधून, त्या जाळीचा फोटो काढून त्याने मला पूर्ण केलं. ते औषध झाडाचं आहे, खायच्या मासळीवर मारू नका, ते धुऊन जात नाही. अळ्या पडलेला माल टाकून द्या. नवा माल स्वच्छ धुवा, दाटी करू नका, खालची दोरी रिकामी ठेवा, चारी बाजूंनी बारीक जाळी बांधा, वलांडीखालची घाण उचला. आणि शेवटची ओळ, “नारूकाका, आधी स्वतः खाऊन दाखवा.”

ती ओळ नको होती, असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर माझ्यातली तीच एक ओळ सगळ्यांनी वाचली.

समाजाच्या हॉलमधली एक रीत आहे. सभेत पहिला नारळ नारूकाकांच्या हातात. काका बोलले की माना हलतात, विषय काय होता ते मागाहून विचारतात. ॲपवर हीच माणसं आली, रीत घेऊन आली. वरचा बाण म्हणजे त्यांच्या लेखी पाया पडणं. रविवारच्या सभेत काकांचा जावई धर्मेश उभा राहिला. ॲपवर देखरेख त्याचीच. “लिंक टाकलीय. काकांना वरचा बाण द्या, त्या पोराला खालचा.” अख्ख्या हॉलने मोबाईल काढले.

विपुलच्या आईने, चंद्राबाईनेही काढला.

“आई, तू पण?”

“सगल्यांनी दाबला, मंग मी काय हात बांधून बसू? शेजारी काकांची सून, माझ्या मोबाईलमध्ये डोकं घालून.”

“मी काय लिहिलं ते वाचलंस तरी?”

“चष्मा घरी होता.”

“मग बाण बरा दिसला!”

“तो लाल असतो की.”

विपुलने धर्मेशला फोन लावला. “तो माणूस विष मारायला सांगतोय. ते उडव ना.”

“भाषा बघ तुझी. वडीलधाऱ्यांचा अपमान नियमात बसत नाही.”

“आणि विष बसतं? डब्यावर कवटी छापलीय, ती तरी बघितलीय का कोणी?”

“एकशे बारा लोक येडे आणि तू एकटा शहाणा? आधी डिप्लोमा पुरा कर विपल्या, मग समाजाला शिकव.” फोन बंद. माझ्या अंगावर राखाडी पडदा.

पडदा पडल्यावर मला किती जणांनी उघडलं ते मला कळतं. सोमवारपर्यंत एकानेच, विपुलने. आणि वरचा? दोन ओळींचा ऐदी. त्याला कुणी जाळी बांधायला लावली नव्हती, फोटो काढायला लावला नव्हता. तरी वर तोच.

सोमवारी सकाळी भाविनीने राखाडी ओळ दाबली. औषध आणायला तिने दिराला पाठवलं होतं, तो क्रिकेट खेळत राहिला, म्हणून अजून वेळ होता. अकरा मिनिटं ती माझ्यापाशी थांबली. जाळीचा फोटो मोठा करून गाठी बघितल्या. मला वाटलं, आता माझा दिवस.

पाच दिवसांनी तिने फोटो टाकला. कडक सुकलेले बोंबील, भोवती जाळी, पुढ्यात पोरगी एक चघळत उभी. गाठी माझ्याच होत्या. खाली लिहिलं होतं, “माल छान सुकला. नारूकाकांचे आभार.” आणि हिरवी खूण त्याला.

विपुलने विचारलं, तेव्हा तिचा आवाजी मेसेज आला. “तुझंच केलं रे भावा. औषधाला हात नाय लावला. पन दिराचं लग्न जमवायला काकांनाच मध्ये घातलंय. खूण दुसऱ्या कोणाला देऊ? तू समजून घे ना.”

विपुलने मोबाईल गादीवर फेकला. ती पोरगी विष चघळत नाहीये, हे माझं काम. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा. बाकीची जागा त्या हिरव्या खुणेने खाल्ली.

आणि आज डहाणूच्या सरिताने तोच प्रश्न विचारला. आभाळ, माश्या, अळ्या. धर्मेशने मिनिटात तो बंद केला. “आधी विचारलेलं आहे. हिरवी खूण असलेलं उत्तर पाहा.”

ती आलीय. आत्ता त्याच्यावर आहे. दोनच तर ओळी, वाचून झाल्या असतील. तिच्या वलांडीखाली कोणाचं पोर खेळतंय मला माहीत नाही.

सरिताबाई, मला मत नको. खोटं बोललो, मत हवंय, हिरवी खूण पण हवीय, जीव जातो तिच्यासाठी. पण ते राहू दे. आधी बोट खाली घे. राखाडी ओळ आहे. ती दाब.