मुखत्यार

“पेशंट कुठे आहे?” मुंबईच्या डॉक्टरांनी श्रीपतीच्या मागे, दाराकडे पाहत विचारलं.

“घरी आहे. तिच्या वतीने मी आलोय.”

झोपाळ्यावर पान लावत बसलेल्या आप्पा वकिलांना हसू आवरेना. “अरे श्रीपती, वकीलपत्र तरी आणलंयस का सहीचं?”

श्रीपती हसला नाही. आप्पांच्या कचेरीत कारकुनी करता करता त्याचे केस पिकले होते, आणि एवढ्या काळात एक गोष्ट त्याला पक्की कळली होती: शहाणा पक्षकार घरी बसतो. विधवांच्या वाटणीचे दावे त्यांच्या पदराचं टोकही कोर्टाला न दिसता निकालात निघाले होते. राजापूरच्या एका म्हाताऱ्याने तर खाटेवर पडल्या पडल्या मुखत्यार धाडून अख्खी बाग सोडवली होती. मग दुखण्याचंच काय एवढं?

पहिला निकालही असाच लागला होता. माघात सखू सुईणीने त्याच्या बायकोच्या, कमळाच्या, छातीतली डाव्या बाजूची गाठ चाचपली, ‘सुपारीएवढी आहे’ असं बाहेर येऊन सांगितलं, आणि ओटीवर बसलेल्या गावातल्या डॉक्टरांनी सखूलाच दोन प्रश्न विचारून म्हटलं, “कॅन्सर दिसतोय. मुंबईला नेऊन कापून घ्या.” कमळाने आतूनच ‘नाही’ म्हणून सांगितलं. श्रीपतीच्या मते हा खालच्या कोर्टाचा निकाल होता, तोही ऐकीव पुराव्यावरचा. वर दाद मागायला हवी होती. ती संधी वैशाखात आपण होऊन चालून आली. आप्पांचे मेहुणे, विलायतेत शिकलेले सर्जन, आंबे खायला रत्नागिरीला आले. परवाच्या बोटीने ते परत जाणार होते. ती या मोसमातली शेवटची बोट. त्यानंतर पार नारळी पौर्णिमेपर्यंत बंदरात भोंगा वाजणार नव्हता.

“मी येतो की घरी,” डॉक्टर म्हणाले. “पाच मिनिटांचं काम.”

“नाही ऐकणार ती. म्हणते, परक्या पुरुषापुढे अंग उघडं टाकायचं, त्यापेक्षा गाठ काय वाईट आहे?”

डॉक्टरांनी उसासा टाकला. “बरं. गाठ आता केवढी आहे?”

“सुपारीएवढी.”

“ती माघातली. आता?”

श्रीपतीने उपरणं सावरलं.

“वरची कातडी ओढल्यासारखी दिसते? डावा हात वर होतो पूर्ण?”

न पढवलेला साक्षीदार उलटतपासणीत सापडावा तसं त्याचं झालं. त्याने आप्पांकडे पाहिलं. आप्पा पानाला चुना लावत राहिले.

“अहो, तुम्ही नवरे ना त्यांचे?”

झोपाळा थांबला. “असं काय विचारतोस त्याला?” आप्पा हळूच म्हणाले. “मुंबई आहे का ही?”

श्रीपतीचे कान तापले. संसार झाला, दोन मुली सासरी गेल्या, पण बायकोचं अंग त्याने दिवसाउजेडी कधी पाहिलं नव्हतं. कोण पाहतं? माजघरात आत्या निजलेली, पडवीत पाहुणे. दिवा मालवल्यावर जे काय ते. दिवसा कमळा म्हणजे स्वयंपाकघरातून येणारा आवाज आणि पानात पडणारा भात.

डॉक्टरांनी आप्पांच्या तबकातली एक सुपारी उचलली, श्रीपतीच्या उपरण्याखाली सरकवली आणि त्याच्याच छातीवर धरली. “बोटांनी ढकला. सरकते?”

“सरकते.”

मग त्यांनी ती अंगठ्याने गच्च दाबून धरली. “आता?”

“नाही.”

“हे बघायचं. घरी जा, उजेडात बसवा आणि तुम्ही स्वतः हात लावून बघा. काखेतही चाचपा. गाठ सरकत असली तर परवा बोटीवर घेऊन या. माझ्याकडे नर्स आहेत, भूल दिल्यावर तुमच्या बायकोला कळणारही नाही कोण बघतंय.”

“आणि सरकत नसली तर?”

डॉक्टरांनी सुपारी तबकात ठेवली, मग काय वाटलं कोण जाणे, उचलून खिडकीबाहेर टाकून दिली. “तर बोटीवर त्यांचे हाल नका करू. घरी सुखात ठेवा.”

अपील घेऊन गेलेला माणूस न्यायाधीश होऊन परतला. वाटेत त्याला दोघांनी हटकलं, पण तो थांबला नाही.

कमळा मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. सूप मांडीवर, आणि सगळं काम उजव्या हाताने. डावा हात नुसता शेजारी ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. हे कधीपासून, ते त्याला आठवेना.

“काय म्हणाले मोठे डॉक्टर?”

“मला बघायला सांगितलंय.”

“काय बघायला?”

त्याने तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तिच्या लक्षात आलं, तसा सुपातला हात थांबला.

“इश्श! आता? उजेडात?”

“उजेडातच म्हणाले. आत्या कीर्तनाला गेलीय ना?”

“गेलीय.” मग ती जराशी हसली. “लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मान वर केली नाहीत. आणि आता या वयात बघायचंय होय?”

पण उठली. माजघराचं दार तिने लावलं, खिडकी त्याने उघडली. ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि पदर खाली घेतला. श्रीपतीने बोटांची शाई निघेपर्यंत हात धुतले, गार लागू नयेत म्हणून धोतराला चोळले, आणि मग पाहिलं.

कातडी ईडलिंबाच्या सालीसारखी जाड, खड्ड्याखड्ड्यांची झाली होती. याचा अर्थ काय, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. त्याने बोटं टेकवली. डावीकडून ढकललं. उजवीकडून ढकललं. सुपारी केव्हाच मागे पडली होती. ही गाठ जमिनीत रुतलेल्या दगडासारखी. खालून, वरून, पुन्हा डावीकडून. एवढ्या आर्जवाने त्याने कोर्टातल्या कुठल्या शिरस्तेदारापुढेही पदर पसरला नव्हता. जरा, केसभर तरी हल. काखेत माळेच्या मण्यांसारखं काहीतरी बोटांना लागलं.

“हलत नाही ना?” भिंतीकडेच पाहत कमळा म्हणाली.

त्याने पुन्हा एकदा ढकलून पाहिलं.

“चैत्रापासून नाही हलत. मी रोज बघते आंघोळीला.”

“मग बोलली का नाहीस?” त्याचा आवाज चढला.

“काय बोलायचं? इकडून एवढी खटपट चालली होती. आधी गावातले डॉक्टर, आता हे मुंबईचे. म्हटलं, होऊ दे मनासारखं.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “आता बोटीवर नाही ना घालायचं मला?”

“नाही.”

“बरं झालं. मला ती लागते मेली.”

बाहेर परसाच्या दगडी गडग्यापलीकडे कुणीतरी गाईला हाक मारत होतं. खिडकीतलं ऊन तिच्या पाठीवर पडलं होतं. खांद्याखाली एक तीळ होता. तो तिथे आहे, हे श्रीपतीला आजवर माहीत नव्हतं.

“झालं ना बघून? घेऊ का पदर?”

“थांब,” तो म्हणाला. “नीट बघू दे.”

बघून केव्हाच झालं होतं. त्याने हात होता तिथेच ठेवला. आणि कमळानेही पुन्हा विचारलं नाही.